लाल ठिपक्यांची जर्मन गाडी

त्रेसाची लाल नेलपॉलिशची बाटली हरवली. नवी, दोनदाच उघडलेली.

दिल्लीत दहा वर्षं झालेली डिझेल गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

कुन्नप्पळ्ळीचं चर्च टेकडीच्या माथ्यावर आहे आणि लग्नाचा हॉल पायथ्याशी.

वेलायुधन आशान अस्सल भाग काढून नकली बसवतो, हे चहाच्या टपरीवर सहा जणांनी ऐकलं. विसाव्या माणसापर्यंत पोचेतो त्याने त्या पैशांत पालक्काडला जमीनही घेतलेली होती.

पोरिंजूच्या लेकीला, जिन्सीला, बंद काचांच्या गाडीत मळमळतं.

वाचकहो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं तुम्हाला वाटेल. इनाशूलाही तसंच वाटत होतं.

*

इनाशू हा थ्रिश्शूरजवळच्या कुन्नप्पळ्ळी गावातला केटरर. स्कूटरवरून बिर्याणीचे डबे पोचवण्यापासून सुरुवात केली आणि पंधरा वर्षांत सहाशे पानांच्या लग्नापर्यंत आला. कष्टाळू माणूस. पण एक गोष्ट त्याच्या मनात घट्ट बसली होती: लग्नाची ऑर्डर घ्यायला आलेला माणूस कशातून उतरतो, त्यावर त्याच्या माशाच्या कालवणाचा भाव ठरतो.

म्हणून दिल्लीच्या दलालाने फोटो पाठवले तेव्हा त्याने फार विचार केला नाही. काळी, लांबलचक जर्मन गाडी. नवी असताना साठ लाखांची, आता अकरा वर्षांची, नऊ लाखांत. दिल्लीत चालवता येत नाही म्हणून स्वस्त, एवढंच, असं दलाल म्हणाला. एप्रिलमध्ये गाडी आली. फादरनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. त्याची बायको त्रेसा मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "अहो, इथे तर आपला मिक्सरसुद्धा मावेल."

गावात कुणाची चांगली गाडी असली की नवरा-नवरीसाठी ती मागायची रीत आहे. मागितली की द्यायची, आणि मागितली नाही तर मालकाला अपमान वाटतो. इनाशूची गाडी मागायला लोक दोन्ही हात जोडून येत. ते हात पाहताना त्याला नऊ लाख वसूल झाल्यासारखे वाटत.

जूनमध्ये एका सकाळी गाडी एका कुशीवर बसलेल्या म्हशीसारखी कलली होती. पुढचा डावा, हवेवर चालणारा शॉक-अब्सॉर्बर गेला होता.

जुलैत उजवा.

ऑगस्टमध्ये शॉकमध्ये हवा भरणारा पंप. सप्टेंबरात काही नाही. इनाशूने वेलांकण्णीच्या मातेला मेणबत्ती लावली होती. ऑक्टोबरात गिअरबॉक्स, आणि नोव्हेंबरात डॅशबोर्डवर असा एक दिवा पेटला, ज्याचा अर्थ पुस्तकात पाहिला तर लिहिलं होतं: ताबडतोब सेवाकेंद्राशी संपर्क साधा.

गाडी वेलायुधन आशानकडे जाई. साठीचा माणूस, बोलणं कमी. लोक त्याला आशान म्हणत, म्हणजे उस्ताद. इनाशूची पहिली स्कूटरही त्यानेच दुरुस्त केलेली. दर वेळी तो काढलेला जुना भाग पोत्यात घालून डिकीत ठेवी आणि नव्याची पावती हातात देई.

आणि दर वेळी इनाशूच्या मनात तेच येई. दिल्लीत दहा वर्षं ठणठणीत चाललेली गाडी इथे येऊनच कशी आजारी पडते? मोठ्या गाडीचं गिऱ्हाईक पाहून म्हातारा हात मारतोय. खात्री करायला तो कोइम्बतूरच्या मोठ्या सेवाकेंद्रात गेला. तिथे आशानच्या तिप्पट आकडा सांगितला. दुसऱ्या कुणाला आशान स्वस्त वाटला असता. इनाशूने निष्कर्ष काढला की दोघे मिळालेले आहेत.

मग त्याने त्रेसाची नेलपॉलिश घेतली. बॅटरी, पंप, डायनॅमो, आणखी नावं ठाऊक नसलेल्या पाच-सहा वस्तू. प्रत्येकीवर आतल्या बाजूला लाल ठिपका. गॅरेजमधून गाडी आली की टॉर्च घेऊन तो बॉनेटखाली वाकायचा. ठिपके जागच्या जागी असत. बदललेला भाग पोत्यात, ठिपक्यासकट. तरी त्याचं समाधान होईना. चोर पक्का आहे, त्याला खुणा कळल्या, तो म्हणे.

एक क्षण थांबू. घरी कामाला येणाऱ्या बाईकडे, नळवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे आपण असं पाहिलेलं नाही, असं कोण छातीठोकपणे म्हणेल? हातात पुरावा निर्दोषपणाचा, आणि मनात खटला चालूच.

*

जानेवारीत आशानने ब्रेकचं सांगितलं. डिस्क झिजून पातळ झाल्यात, मागच्या रबरी नळ्या फुगल्यात, सगळं बदलायला हवं. आकडा ऐकून इनाशू हसला. पैसे खायला आता ब्रेकही सापडले का, असं त्याने तोंडावर विचारलं, गाडी काढली आणि थेट चहाच्या टपरीवर गेला. तिथे काय बोलला ते वर आलंच आहे. महिन्याभरात आशानची चार नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. पुढच्या आठवड्यात व्यापारी संघटनेच्या सभेत हा विषय मांडायचा, असंही इनाशूने ठरवलं आणि चारचौघांत बोलूनही दाखवलं.

त्याआधी जिन्सीचं लग्न होतं. पोरिंजू ऑटो चालवायचा, इनाशूच्या शेजारीच राहायचा. रीतीप्रमाणे हात जोडून तो गाडी मागून गेला होता.

लग्नाच्या सकाळी गाडी धुतली, पांढऱ्या फिती बांधल्या, बॉनेटवर जाईचा हार. इनाशू स्वतः चालवणार होता. फाटक उघडलं तर मधोमध वेलायुधन आशान उभा. कमरेला धुतलेलं पांढरं मुंडू, वर इस्त्रीचा शर्ट. त्यालाही लग्नाचं आमंत्रण होतं.

"बाजूला व्हा आशान, उशीर होतोय."

"ब्रेक केलेस?"

"तुमच्याकडून नाही करायचे मला."

"माझ्याकडून नको करू. कुणाकडून केलेस का, ते विचारतोय."

इनाशूने आरशावरच्या फितीची गाठ पुन्हा आवळली. पोरिंजू आणि दोन-चार पाहुणे फाटकाशी जमले होते. आपल्याला सगळ्यांसमोर खाली पाहायला लावायलाच म्हातारा आलाय, याची इनाशूला खात्रीच पटली. गिऱ्हाइकं तुटली त्याचा सूड उगवताय, असं तो बोलून गेला.

आशानने आवाज चढवला नाही. "ठीक. मी चोर आहे. मग ब्रेक चांगले आहेत, बरोबर? नवरीला नंतर घे. आधी त्रेसाला शेजारी बसव, चर्चपर्यंत जा आणि तिथून उतारावरून हॉलपर्यंत ये. तू आलास की मी सभेत तू सांगशील ते कबूल करतो आणि गॅरेजला कुलूप घालतो. चल, बस."

त्रेसा नव्या साडीत पायरीवर उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

इनाशूने किल्ली घेतली. दार उघडलं. चर्चचा तो उतार, खालचं वळण, वळणावरची शाळेची भिंत त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्रेसा पायरी उतरून पुढे आली तसा तो म्हणाला, "तू नको."

आणि थांबला. आपण काय बोललो, ते त्याचं त्यालाच ऐकू आलं!

आठ महिने तो ज्या माणसाला चोर म्हणत होता, त्याच्या शब्दाविरुद्ध त्याला स्वतःच्या बायकोला त्या सीटवर बसवता येईना. आणि शेजाऱ्याची लेक मात्र तो बसवायला निघाला होता! आशान खरं बोलतोय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ही गाडी आपल्याला झेपत नाही, एवढंच त्याला कबूल करायचं नव्हतं. तेवढ्यासाठी एका माणसाला चोर ठरवणं स्वस्त पडलं.

"आशान," तो म्हणाला, "ठिपके..."

"दिसत होते. पुसताना फडकं तेवढं बाजूने फिरवायचो. म्हटलं, याच्या मनाला आधार असेल तर राहू दे." आशान गाडीच्या हाराकडे पाहत होता. "गाडीची किंमत उतरली, इनाशू. तिच्या भागांची नाही उतरत. नऊ लाखांत घेतलीस म्हणून ती नऊ लाखांची होत नाही, तिचं पोट साठ लाखांचंच राहतं. दिल्लीवाल्याने ते सांगितलं नाही, मी सांगितलं, आणि तू मलाच धरलंस."

इनाशू खालच्या मानेने पोरिंजूला म्हणाला की गाडी नाही देता येणार, आता काय करायचं. पोरिंजूचा चेहरा असा खुलला की इनाशू चक्रावला.

"खरं सांगू का इनाशुचेट्टा, रागावणार नसाल तर," पोरिंजू म्हणाला. "जिन्सीला बंद गाडीत मळमळतं. माझ्याच ऑटोतून जायचं म्हणत होती. पण गाडी मागितली नसती तर तुम्हाला वाईट वाटलं असतं ना."

हार गाडीवरून उतरवून ऑटोला बांधला. थोडा लांब झाला, म्हणून दोनदा गुंडाळला.

*

व्यापारी संघटनेच्या सभेत इनाशू बोलला. टपरीवर आपण खोटं बोललो, आशानने एक पैही जास्त घेतली नाही, हे त्याने उभं राहून सांगितलं. दोन गिऱ्हाइकं परत आली, दोन आली नाहीत. अफवा मागे घेता येते, पण सगळी परत येत नाही. गाडी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची नाही असं ठरवून त्याने ती भंगारवाल्याला सुट्या भागांसाठी दिली. तोटा मोठा झाला. त्या हंगामात तो ऑर्डर घ्यायला डब्यांच्या टेम्पोतून गेला आणि कालवणाचा भाव कुणी पाडून मागितला नाही.

वाचकहो, दुसऱ्याची उतरलेली श्रीमंती स्वस्तात मिळते तेव्हा तिला रोज काय खायला घालावं लागेल, हे आधी विचारा. आणि ते झेपलं नाही तर 'झेपत नाही' हे दोन शब्द म्हणायला शिका. ते न म्हणता आल्याने आपण रोज कुणा ना कुणा कष्टकऱ्याला चोर ठरवत असतो.

गाडी घेण्याच्या आदल्या दिवशी इनाशूने वेलायुधन आशानला फोन केला होता. एवढी लांब गाडी तुमच्या गॅरेजमध्ये मावेल का, एवढंच विचारायला.