जाळीसमोरची खुर्ची

वसुंधरा शिर्केने डूख धरला तो दोन वर्षं धरला, आणि बडोद्यात कुणाला त्याचा सुगावा लागू दिला नाही. लग्नकार्यात दिग्विजय मोहिते समोर आला की ती हसून म्हणायची, "कसे आहात, दिग्विजयदादा?" तो आपल्या अलकापुरीतल्या ऑफिसच्या गोष्टी सांगायचा आणि ती मान डोलवायची. इतकं गोड हसायला माणसाला आधी पोटभर राग यावा लागतो.

राग उगाच नव्हता. त्याच्या ऑफिसात आर्किटेक्ट म्हणून सहा वर्षं राबताना तिने एक घर काढलं होतं. दोन खोल्यांचं, गरिबाला परवडेल असं आणि मे महिन्यातही माणूस आत दुपार काढू शकेल असं. भिंतीतल्या विटा आडव्या न ठेवता उभ्या लावायच्या; मध्ये पोकळी राहते, विटाही कमी लागतात आणि ऊन भिंतीतच अडतं. स्लॅबमध्ये जुनी कौलं घालून सिमेंट वाचवायचं. पश्चिमेला जिना आणि न्हाणीघर, म्हणजे दुपारचा तडाखा त्यांनी सोसायचा. बसायची खोली पूर्वेला, आणि तिला विटांची मोठी जाळी, सकाळचं कोवळं ऊन येईल अशी. नैऋत्येला जमिनीलगत झरोके, कारण बडोद्याचा उन्हाळ्यातला वारा तिकडून येतो.

हे सगळं तिला सुचलं ते ऑफिसात चहा करणाऱ्या जिजाबाईंमुळे. जिजाबाईंचे यजमान रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर त्या नातीला घेऊन रुळांपलीकडे पत्र्याच्या खोलीत राहत. भांडी कुठे घासता, उन्हाळ्यात खाट कुठे ओढता, पाण्याचा माठ कुठल्या भिंतीशी गार राहतो, असं वसुंधरा चार महिने विचारत होती आणि कागदावर रेघा ओढत होती. नकाशावर उत्तर दिशा दाखवायला सगळे बाण काढतात, तिने पतंग काढला. उत्तरायणात, संक्रांतीच्या पतंगांत वाढलेली बडोद्याची पोर ती. पतंगाचं टोक उत्तरेला, आणि शेपूट नैऋत्येच्या वाऱ्यावर उजवीकडे उडणारी.

मग शहरातले एक बडे गृहस्थ, उदयसिंहराव, यांच्या ट्रस्टने गोत्री भागात कामगारांसाठी चोवीस घरं बांधायचं जाहीर केलं, आणि दिग्विजयने ते घर स्वतःच्या नावावर पाठवून दिलं. आयत्या बिळावर नागोबा. ती विचारायला गेली तेव्हा त्याने खुर्चीतून मान वर केली नाही.

"वसू, ऑफिसात काढलं ते ऑफिसचं. पगार घेत होतीस ने?"

तिने त्याच दिवशी राजीनामा दिला आणि कारेलीबागेत एका ट्यूशन क्लासच्या वर एक खोली भाड्याने घेतली. त्या घरावर आपलं नाव लागलंच पाहिजे, आणि ते दिग्विजयच्याच हाताने, चारचौघांत लागलं पाहिजे, एवढं एकच तिने मनाशी धरलं. वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायचा, खाली मोठ्या अक्षरांत, 'माझ्या घरात पंखासुद्धा लागत नाही'. ती कात्रणं कापून ठेवायची.

डिसेंबरात ती गोत्रीला गेली. रस्त्याकडेला मोठा बोर्ड होता, त्यावर दिग्विजयचं नाव आणि घराचा नकाशा. शोभेचा म्हणून तिचा पतंगही त्याने तसाच ठेवला होता. तिने बघितलं, पुन्हा बघितलं. पतंगाची शेपूट डावीकडे उडत होती.

तिला कळायला वेळ लागला नाही. तिने घर काढलं होतं ते पूर्वेला रस्ता धरून. ट्रस्टच्या जागेला रस्ता पश्चिमेला. दार रस्त्याकडे आलं पाहिजे म्हणून ऑफिसात कुणीतरी कॉम्प्युटरवर एक बटण दाबून आख्खा नकाशा आरशात दिसावा तसा उलटा केला होता, आणि दिग्विजयने न बघता सही ठोकली होती. घर फिरलं, सूर्य काही फिरला नाही. आता जिना पूर्वेला जाणार होता आणि ती मोठी जाळी पश्चिमेला, भर दुपारच्या उन्हात उघडी.

जोतं तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढं आलं होतं. गवंडी पूर्वेला जिन्याची आखणी करत होते. एक फोन पुरला असता. तिने फोन काढला, उदयसिंहरावांचा नंबरही काढला. जिजाबाईंना सात नंबरचं घर लागलंय हे तिला ठाऊक होतं. सोडत झाली त्या संध्याकाळी त्यांनी तिलाच पहिला फोन केला होता. तिने विचार केला आणि फोन पर्समध्ये टाकला. आत्ता सांगितलं तर दिग्विजय निमूट चूक दुरुस्त करेल आणि घर त्याचंच राहील. एकच उन्हाळा, मग मीच सगळं नीट करून देईन, असं तिने स्वतःला सांगितलं. जाताना तिने पाव किलो लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओला चिवडा, घेतला आणि घरी बसून चवीने खाल्ला.

एप्रिलमध्ये लोक राहायला आले. मेच्या सुरुवातीला ट्रस्टने दिग्विजयचा सत्कार ठरवला, आणि त्याच दिवशी पुढच्या दोनशे घरांचं काम त्याच्या हाती देणार असल्याचंही कळवलं. वसुंधराने उदयसिंहरावांना पत्र लिहिलं. हॉलचा खर्च कशाला, सत्कार त्याच घरात करावा, भर दुपारी तीन वाजता, पंखे बंद ठेवून. बडोद्याला कळू दे. सोबत तिने कात्रणं जोडली. उदयसिंहराव जुन्या शिलेदार घराण्यातले, शब्दाला जागणारे. त्यांना कल्पना फार आवडली. दिग्विजयला नाही म्हणायची सोय उरली नाही, कारण कात्रणांत शब्द त्याचेच होते.

त्या दिवशी ती तासभर आधी गेली. एक नंबरच्या घरात दहा खुर्च्या मांडायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. सत्कारमूर्तीची खुर्ची तिने जाळीसमोर ठेवली, अगदी इंच इंच मोजून. एक थर्मामीटर ओसरीत सावलीला टांगलं, एक आत भिंतीवर.

दिग्विजय बंद गळ्याचा कोट घालून आला. "आवो आवो, बेसो," असं यजमानासारखं सगळ्यांना म्हणत तो खुर्चीत बसला. सव्वातीनला जाळीतून उन्हाचे चौकोन त्याच्या गुडघ्यावर आले, साडेतीनला छातीवर. भाषणं चालू होती. त्याने एकदा खुर्ची सरकवायला बघितली, पण मागे भिंत होती. घाम त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरताना वसुंधरा बघत होती आणि तिला मनापासून बरं वाटत होतं. दोन वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

उदयसिंहराव रुमालाने मान पुसत उठले आणि थर्मामीटरशी गेले. "मोहिते, बाहेर त्रेचाळीस आहे. आत चव्वेचाळीस कसं?"

"आज जरा बफारो आहे, साहेब. उकाडा जास्त आहे."

"मी सांगते," वसुंधरा म्हणाली. तिने बोर्डावरच्या नकाशाचा फोटो उदयसिंहरावांच्या हातात दिला. "तुम्ही आयुष्यभर पतंग उडवलेत. मे महिन्यात बडोद्यात शेपूट अशी कधी उडते?"

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "डावीकडे? नाही बुवा."

मग तिने आपला मूळ कागद काढला, तारखेसकट. शेजारी शेजारी ठेवल्यावर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. ज्याला आपल्या घराची पश्चिम ओळखता आली नाही, त्याने ते काढलं कसं, एवढंच तिने विचारलं. दिग्विजयने पाणी मागितलं. नंतर खाली बघून म्हणाला, "नकाशा वसुंधराचा आहे." उदयसिंहरावांनी तिथेच त्याच्याकडून ते लिहून घेतलं, सहीसकट, आणि दोनशे घरांचं काम शिर्केबाईंकडे जाईल असं जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दिग्विजय भिजलेल्या कोटात उठून चालता झाला आणि त्याला निरोप द्यायला कुणी उठलं नाही.

जिजाबाई सरबताचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. आपल्या वसुताईंच्या सत्काराला म्हणून त्यांनी ट्रे फिरवला असता, पण त्यांनी तो खाली ठेवला आणि नकाशाचा फोटो उचलून बराच वेळ पाहिला. शेपूट कुठली नि जिना कुठला, हे त्यांना समजत होतं. त्यांच्याच तोंडून ते घर निघालं होतं.

"वसुताई, हा बोर्ड तर जोतं घातलं तेव्हापासून आहे. तुम्ही तेव्हा आला होता ने? मला गवंडी म्हणाला होता, तुमच्या ताई येऊन गेल्या."

वसुंधराला खोटं बोलता आलं असतं. "आले होते," ती म्हणाली.

"तेव्हाच कळलं?"

"हो."

"नातीला परवा दवाखान्यात सलाइन लावलं," जिजाबाई म्हणाल्या. "आठ दिवस तिच्या नाकातून रक्त येतंय. आम्ही म्हणतोय, वसुताईंनी काढलेलं घर, यात ऊन कसं लागेल. माझंच काहीतरी चुकत असेल, माठ चुकीच्या भिंतीशी ठेवला असेल."

जिजाबाईंनी दिग्विजयची रिकामी खुर्ची धरली, भिंतीपासून सुटली होती ती परत जागेवर सरकवली आणि पदराने तिच्यावरचा घाम पुसला. जाळीतलं ऊन आता सबंध खुर्चीवर आलं होतं.

"बस इथं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच एकेरीवर आल्या होत्या. "सात वाजता ऊन जातं. तोवर बस."

वसुंधराने हातातला सहीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि ती खुर्चीत जाऊन बसली. जिजाबाईंनी ट्रे उचलला, सगळ्यांना सरबत दिलं आणि तिच्यासमोरून तो तसाच पुढे नेला.