न तुडवलेला कोपरा

धाकूचा उजवा गुडघा एक्कावन्न साली मोडला, आणि तो गोपीनाथने मुद्दाम मोडला, हे दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

दोघंही कोपरीचे. दोघांचे बाप एकाच मिठागरात राबलेले. ठाण्याच्या गिरणीने हॉकीचा संघ काढला तेव्हा दोघांनाही खेळाच्या जोरावर खात्यात चिकटवून घेतलं. सकाळी हजेरी लावायची, दुपारनंतर मैदानावर जायचं. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लीगमध्ये तेव्हा असे बरेच संघ होते आणि चांगला खेळाडू दिसला की एकमेकांकडून पळवायचे. त्या वर्षी कल्याणच्या एका बड्या कारखान्याचा माणूस या दोघांना बघायला यायचा होता. कायमची नोकरी, राहायला खोली. पण जागा एकच. आदल्या संध्याकाळी सराव संपला, शिट्टी वाजली, धाकू चेंडू उचलायला वाकला आणि गोपीनाथची स्टिक आडवी आली. चुकून लागली, असं तो सगळ्यांना सांगत सुटला. धाकूने मात्र स्टिक उचलताना त्याचा चेहरा पाहिला होता.

गोपीनाथ कल्याणला गेला. धाकू लंगडत मैदानाची राखण करू लागला.

हे मैदान मिठागराला लागूनच होतं, खाली सगळी खाडीची काळी माती. पहिल्या वर्षी धाकूने ते कसंबसं सांभाळलं. दुसऱ्या वर्षी गिरणीतला कारकून झेवियर एक विलायती मासिक घेऊन आला. त्यात बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांचं चित्र होतं. पायांत पाती बसवलेले बूट, खाली आरशासारखी जमीन. तिकडे याचीही लीग असते, लोक त्यावरच पोट भरतात, असं झेवियर म्हणाला. धाकूने चित्र पुष्कळ वेळ धरून ठेवलं. त्याला तो फाल्गुनातला मिठाचा वाफा वाटला. मग त्याची नजर बुटांवर गेली आणि तिथेच थांबली.

त्या वर्षी पाऊस सरताच त्याने मैदान वाफ्यासारखं तुडवून घेतलं. बायको सगुणा, भावजय बायजा आणि मिठागरातल्या आणखी चार बाया खांद्याला खांदा लावून ओळीत उभ्या राहिल्या. आधी टाच, मग चवडा, वीतभर पुढे. तुडवणाऱ्याची टाच जमिनीशी बोलते. खाली कुठे पोकळ असेल तर डोळ्यांआधी तिला कळतं. महिनाभर हे चाललं. मैदान असं घोटलं गेलं की चेंडू नुसता ढकलला तरी पार जाई. तुडवलेल्या जमिनीवर पायताण घालून पाऊल टाकायचं नाही, हा मिठागराचा नियम धाकूने मैदानालाही लावला. गिरणीचा संघ अनवाणी खेळायला लागला आणि घरचे सामने एकामागून एक जिंकला. बाहेरचे संघ बूट घालून यायचे, दहा मिनिटं घसरायचे आणि मुकाट्याने बूट काढून ठेवायचे.

एक जागा मात्र धाकूने तुडवली नव्हती. खाडीकडच्या गोलरक्षकाच्या डाव्या हाताला, रेषेपासून पाच पावलांवर, खाटेएवढी. गोपीनाथ उजव्या टोकाला खेळायचा. रेषेवरून सुसाट यायचं, गोल जवळ आला की डावा पाय रोवायचा आणि गर्रकन आत वळायचं, ही त्याची खोड. धाकूने ती पाच वर्षं शेजारून पाहिली होती. पाय कुठे रोवला जाणार हे तो डोळे मिटून सांगू शकला असता.

सगुणाच्या ते ध्यानात आलं होतं. “हा कोपरा ऱ्हायला,” ती म्हणाली.

“ऱ्हाऊ दे.”

तिने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे, आणि पाटी उचलून चालती झाली.

कल्याणशी सामना लीगमधला शेवटचा होता, माघी पुनवेनंतरच्या रविवारी. पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी जमिनीखालून चढतं. धाकूने त्या जागेवर ओला हात फिरवून वर कोरडी माती भुरभुरली होती. उन्हाने तिची पापडी धरली. वरून पाहणाऱ्याला ती बाकीच्या मैदानाइतकीच टणक दिसत होती.

संघाचा कप्तान टेरेन्स त्याच बाजूला बचावाला असायचा. धाकूने त्याला तिथे पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं. टेरेन्सने कारण विचारलं.

“खेळ तुमचा, मैदान माझा,” धाकू म्हणाला.

गोपीनाथ आला तो तांबूस चामड्याचे कोरे बूट घालून. अंगाने भरला होता, केस मागे वळवलेले. कल्याणचे साहेब खुर्च्यांवर बसले होते आणि त्यांच्यात त्याचे होणारे सासरेही. धाकूकडे पाहून त्याने मान हलवली, कोणा ओळखीच्या गड्याकडे पाहून हलवावी तशी.

पहिल्या डावात कल्याणवाले स्टेशनकडच्या गोलावर चाल करत होते, त्यामुळे तो कोपरा लांबच राहिला. दोन्हीकडून एकेक गोल झाला. कल्याणचे लोक सारखे घसरत होते. गोपीनाथ दोनदा पडला आणि लोक हसले.

मध्यंतरात कल्याणचे खेळाडू बूट काढू लागले. धाकू लिंबांच्या फोडी घेऊन गेला तेव्हा गोपीनाथही खाली बसून नाड्या सोडत होता. एक बूट निम्मा निघाला होता.

हा माणूस वाफे तुडवत मोठा झालेला. अनवाणी पाय त्या कोपऱ्याजवळ गेला की टाच बोलणार आणि तो आपोआप बाजूला होणार. दोन वर्षं ज्या एका पावलाची वाट पाहिली, ते नाडी सुटण्यासरशी हातचं जात होतं.

त्याने फोड पुढे केली आणि खुर्च्यांपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, “काढ गोप्या, काढ. मिठागराचा पाय तो. सायबांना पण बघू दे.”

गोपीनाथचे हात थांबले. मिठाने चिरलेल्या, कधीही न भरून येणाऱ्या टाचा कोपरीत कोणाला नव्हत्या? पण कल्याणला त्याने आपला बाप शेतकरी होता असं सांगितलं असावं. त्याने एकदा खुर्च्यांकडे पाहिलं. पाय बुटात परत घातला, नाडी गच्च आवळली आणि लिंबू न घेताच उठला.

दुसऱ्या डावाच्या विसाव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. रेषेवरून तो सुटला. टेरेन्स आडवा गेलाच नाही. गोपीनाथने डावा पाय रोवला, पापडी फुटली, पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि वरचं सगळं अंग वळून गेलं. तो आवाज धाकूने रेषेबाहेरून ऐकला. त्याच्या ओळखीचाच होता.

पाण्याचं भांडं घेऊन तो जमेल तितका हळू चालत गेला. गोपीनाथचे ओठ पांढरे पडले होते. त्याचा हात मात्र चिखलात होता. दोन बोटांनी तो माती चिवडत होता, मीठवाला चिवडतो तशी.

“हा तुडवला नाय तू,” तो म्हणाला.

“नाय.”

“मुद्दाम?”

“बूट काढले असतेस तर तुना कलला असता.”

गोपीनाथने डोळे मिटले. पंच आले, त्यांनी काय झालं विचारलं. पाय घसरला, एवढंच तो म्हणाला. धाकूला राग आला. गोपीनाथने ओरडावं, बोट दाखवावं, म्हणजे मग त्या जुन्या संध्याकाळचंही सगळ्यांसमोर निघालं असतं. पण गोपीनाथ ते तोंडात धरून गेला. त्याला चौघांनी उचलून नेलं.

सामना बरोबरीत सुटला आणि एका गुणाने लीग कल्याणची झाली. धाकूला ते दुसऱ्या दिवशी झेवियरकडून कळलं.

सकाळी तो कोपरा तुडवायला निघाला. सगुणा चुलीपाशीच बसून राहिली. “तुझा कोपरा तू तुडव,” म्हणाली. बायजाही आली नाही.

एकट्याने तुडवणं जमत नव्हतं. डावी टाच खोल जाई, उजवी नुसती टेकायची. तरी त्याने उन्हं चढेपर्यंत हातात काठी धरून सगळीकडून ती जागा दाबत आणली. मधोमध गोपीनाथच्या बुटाचा खड्डा होता. तळाला खिळ्यांच्या खुणा, वर चार बोटं पाणी. धाकू त्याच्याभोवती एकदा फिरला, पुन्हा एकदा फिरला.

मग त्याने गोणपाटाचा तुकडा आणला, तेवढा ठसा झाकला, चारी टोकांना दगड ठेवले आणि बाकीचं तुडवायला लागला.