बंगल्यातला दोघांचा चहा

योकोहामाच्या टेकडीवर कुणा इंग्रज रेशीम व्यापाऱ्याचा जुना बंगला होता. सरकारने तो लोकांना बघायला खुला केला होता आणि दुपारी तीननंतर तिथे चहा मिळायचा. चहा म्हणजे आपला आल्याचा कपभर नव्हे. तीन मजली स्टँडवर सँडविच, स्कोन, केक आणि सोबत किटली. सुप्रभा मागे एकदा एकटीच गेली, तर दारातल्या मुलीने कमरेत वाकून, अगदी गोड आवाजात, तो चहा निदान दोघं असल्याशिवाय मिळत नाही म्हणून सांगितलं. एकट्या माणसाने चहा पिऊ नये असा हा कुठला कायदा, देव जाणे. बिचारी नुसत्या खोल्या बघून परत आली.

आज शनिवारी मात्र तिने रीतसर दोघांचं बुकिंग केलं होतं. कारण तसंच होतं. ती शिकवायची त्या पुण्याच्या शाळेने तिची बिनपगारी रजा दोनदा वाढवून दिली होती. आता पत्र आलं होतं, की जूनमध्ये रुजू व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. सोमवारी उत्तर टाकायलाच हवं होतं. आणि नवऱ्याशी, विनयशी, बोलायचं कधी? तो टोकियोच्या ऑफिसातून रात्री अकराला यायचा, जेवता जेवता पेंगायचा, रविवारी दिवसभर झोपायचा. चार वर्षं हेच. पत्र आठ दिवस फ्रीजवर चिकटवलेलं होतं. त्याच्या शेजारीच लावलेलं, कचरा कुठल्या दिवशी टाकायचा त्याचं वेळापत्रक विनयने रोज वाचलं, पत्र नाही. खरं सांगायचं तर सुप्रभाला जायचंच नव्हतं. तिला फक्त त्याच्या तोंडून 'नको जाऊस' एवढं ऐकायचं होतं. तेवढं म्हणाला असता, तर राजीनामा तिने त्याच टेबलावर लिहिला असता.

तीन वाजता विनय आला तो साहेबांना घेऊन. मोरिता-सान, पन्नाशीचे, हातात मिठाईचा खोका.

"अगं, निघताना सहज म्हटलं, तुम्ही पण चला. तर आलेच की," विनय मराठीत पुटपुटला, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. तिसरी खुर्ची आली, तिसरा कप आला, पण स्टँड दोघांचाच. दोन स्कोन, दोन केक, सगळं जोडीजोडीने. सुप्रभाने 'आज शनिवार, माझा उपास' असं ठोकून दिलं. लग्नाला सात वर्षं झाली होती, तिने कधी चतुर्थीसुद्धा धरली नव्हती. विनयने साहेबांना उपास म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं आणि स्कोनला जॅम लावला.

मोरिता-सान माणूस भला. त्यांनी खिडक्यांचं कौतुक केलं, बागेचं केलं, सुप्रभाच्या साडीचं केलं. मग दोघांची गाडी ऑफिसच्या कामावर घसरली ती घसरलीच. सुप्रभा काचेतून बंदरातल्या बोटी बघत बसली. रिकाम्या घरातसुद्धा तिला इतकं एकटं वाटायचं नाही. साडेचारला टेबल सोडायचं होतं. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून तिने किटली उचलली आणि चहा ओतता ओतता, हसतमुखाने, मराठीत सुरुवात केली.

"शाळेचं पत्र आलंय. जूनपासून बोलावतात. सोमवारी कळवायचंय. जाऊ का मी?"

विनयचा कप हातातच राहिला. "घरी बोलू."

"घरी तू असतोस कधी?"

"सुप्रभा, साहेब बसलेत."

"बसू देत. त्यांना कुठे कळतंय. तू फक्त जा म्हण, नाहीतर राहा म्हण."

मोरिता-सान दोघांकडे आळीपाळीने बघत होते. बाईंना काही हवंय का, असं त्यांनी विचारलं.

"छे, छे," विनय जपानीत म्हणाला. "चहा फार छान आहे म्हणतेय. अगदी घरच्यासारखा."

सुप्रभाने किटली खाली ठेवली. वॉर्ड ऑफिसच्या जपानीच्या फुकट क्लासला ती चार वर्षं जात होती, पण तिला जपानी कितपत येतं, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याच्या लेखी तिचं जपानी मुळा-कोबी विकत घेण्यापुरतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती सरळ मोरिता-सानकडे वळली आणि एकेक शब्द जुळवत जपानीत बोलली.

"मी तसं म्हणाले नाही. मला माझ्या शाळेने परत बोलावलंय. बहुतेक जूनमध्ये मी भारतात जाईन. एकटी."

विनयचे कान लाल झाले. मोरिता-सान कप ठेवून ताठ बसले. "असं का," ते हळूच म्हणाले आणि विनयकडे वळले. "मग तुम्हाला घर फार सुनं वाटेल, विनय-सान."

कुणी जाणार असलं की असं म्हणायची तिथली रीतच आहे, हे सुप्रभाला ठाऊक होतं. तरी ते शब्द तिला लागले. तिच्या जाण्याने काही सुनं होईल असं चार वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं, आणि तेही परक्या माणसाने. ती विनयकडे बघत राहिली. आता तरी. नुसतं 'हो' म्हणाला असता तरी तिला पुरलं असतं.

विनय हसला. साहेबांसमोर मान लववून म्हणाला, "दाइजोबु देस. काही अडचण नाही. कामच इतकं आहे, की मला कळणारही नाही."

मोरिता-सान आपल्या बशीकडे बघायला लागले. सुप्रभाने पदर सावरला, पर्स उचलली आणि टेकडीखालचं पोस्ट ऑफिस शनिवारी किती वाजेपर्यंत उघडं असतं, ते त्यांना विचारलं. सोमवारपर्यंत थांबण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.