पिंपळथडीनं पाणी थांबवलं

डॉक्टर उमा आगाशे पिंपळथडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाली ती १९९५च्या पावसाळ्यात. पहिल्याच महिन्यात तिच्यासमोर एक मरण झालं. कालव्याचं दार सांभाळणाऱ्या सिद्धू पाटकऱ्याची बायको हिवतापानं गेली. बैलगाडीतून तिला आणलं तेव्हा ताप मेंदूत चढला होता आणि ती नवऱ्यालाही ओळखत नव्हती. सिद्धू रडला नाही. फक्त म्हणाला, "सकाळी भाकरी करत होती, बाई."

उमा मूळची वाईची. नदीकाठीच वाढलेली, पण एका गावात एवढा ताप तिनं कधी पाहिला नव्हता. फवारणीची माणसं येत, घरांच्या भिंती पांढऱ्या करून जात. गोळ्या वाटल्या जात. आठ-पंधरा दिवस बरे जात आणि पुन्हा बायका गोधड्यांत कुडकुडणारी पोरं घेऊन दारात उभ्या राहत. कारण सगळ्यांना दिसत होतं. कालव्याचं अस्तर जागोजाग फुटलं होतं. त्यातून झिरपलेलं पाणी गावाच्या खालच्या अंगाला बारमाही साचे, आणि त्या डबक्यांवर डासांचे थवे उठत.

कालव्यावरचा इंजिनियर श्रेणिक मगदूम वयानं तिच्याएवढाच होता. ती त्याला डबक्यांपाशी घेऊन गेली. त्यानं ओंजळीत पाणी घेतलं, वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या आणि पाणी सोडून दिलं.

"मॅडम, हे मला रोज दिसतं. पण अस्तर करायचं तर कालवा बंद ठेवावा लागेल, आणि तो हुकूम साताऱ्याहून निघतो. ताप सांगली जिल्ह्यात, कालव्याची चावी साताऱ्यात. मधे कुणीच बोलत नाही."

त्या वर्षी सरकारनं हिवतापाविरुद्ध कंबर कसली होती. सांगलीला जिल्हाधिकाऱ्यांनी सगळ्या खात्यांची बैठक बोलावली आणि वरून आलेला आदेश वाचून दाखवला. हिवताप हे एकट्या आरोग्य खात्याचं काम नाही, प्रत्येक खात्यानं हात लावायचा. लोक माना डोलावत होते. उमा मागच्या रांगेतून उठली.

"साहेब, मी घरातले डास मारते. सरकारचा कालवा रोज नवे जन्माला घालतो. मी किती वर्षं मारत राहू?"

जिल्हाधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी तिथूनच साताऱ्याला फोन लावायला सांगितला आणि सगळ्यांदेखत बोलले. फोन ठेवल्यावर ते उमाला म्हणाले, "सातारा तयार आहे. आता तुमचं गाव तयार करा. शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय मी पाणी तोडणार नाही."

ते जास्त अवघड होतं. पावसाळा सरल्याशिवाय अस्तराला हात लावता येत नव्हता, आणि दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे हळदीचे कंद पोसायचे दिवस. ग्रामसभेला जिल्हाधिकारी स्वतः आले, तरी भरतेश चौगुले उभे राहिले तेव्हा सगळी सभा त्यांच्याकडेच बघत होती. गावात सगळ्यात जास्त हळद त्यांची, आणि सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"साहेब, तुमी पानी बंद कराल, हे मला पटतंय. पन काम कराल, हे पटत न्हाई," अण्णा म्हणाले. "आमी लय आश्वासनं ऐकल्यात."

"दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी गाड्या येतील. दोन आठवड्यांत पाणी परत सुटेल," जिल्हाधिकारी म्हणाले.

"आन न्हाई सुटलं तर?"

उत्तर उमानं दिलं. "तर अण्णा, तुम्ही दार उघडा. काम अर्धं असलं तरी मी आडवी येणार नाही."

तरी कुजबुज थांबेना. मग देवळाच्या खांबाशी बसलेला सिद्धू उठला. तो सभेत कधी बोलत नसे.

"आवं अण्णा, त्या दाराची किल्ली माज्या कमरंला हाय. इतकी वर्सं तुमा समद्यांचं पानी सोडलं. त्याच पान्यानं माजं घर बुडालं. दोन आठवडं मागतोय, जास्त न्हाई."

अण्णांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "व्हय. दोन आठवडं."

सोमवार उजाडला तेव्हा निम्मं गाव कालव्यावर होतं, बहुतेक जण गाड्या येणार नाहीत हे बघायला. उन्हं वर यायच्या आत सातारच्या बाजूनं सिमेंटचे ट्रक एकामागून एक दिसू लागले. श्रेणिक पहिल्या ट्रकमधून उतरला. सिद्धूनं किल्ली फिरवली, दार खाली बसलं आणि पाणी ओसरत गेलं. लोक एकमेकांकडे बघत राहिले. सरकार सांगितल्या दिवशी आलं होतं.

पहिला आठवडा काम धडाक्यात चाललं. मग बाहेरून आणलेल्या मजुरांनाच थंडी वाजून ताप यायला लागला. निम्मी टोळी दवाखान्याच्या व्हरांड्यात आडवी झाली. उमा रक्त तपासत होती, गोळ्या देत होती, आणि तिकडे सगळ्यात फुटका तुकडा तसाच पडून होता. श्रेणिकनं सगळीकडे माणसं शोधली. ऊसतोडीचे दिवस, रिकामा माणूस मिळेना.

"नाही पुरं होणार," तो म्हणाला.

मुदत संपायला तीन दिवस उरले असताना सकाळी अण्णांचा ट्रॅक्टर कालव्याकडे येताना दिसला. ट्रॉलीत माणसं खचाखच भरलेली. श्रेणिक दाराकडे धावला. सिद्धूनं किल्ली मुठीत घट्ट धरली. काम वेळेत पुरं होणार नाही हे दिसतच होतं आणि शब्द दिला होता, म्हणून उमा आडवी गेली नाही.

अण्णा खाली उतरले. "असं काय बघतायसा? दार उघडायला आलोय असं वाटलं व्हय?" त्यांनी ट्रॉलीतून घमेली काढायला सांगितली. "ही माजी हळदीची मानसं. आमची जमीन वाळायच्या आत तुमचं काम झालं पायजे. इंजिनियरसाहेब, कुटनं सुरू करायचं ते सांगा."

दुपारपर्यंत बाकीचेही आले. बायकांनी वाळू वाहिली. शाळेच्या हेडमास्तरांनी धोतर खोचून सिमेंट कालवलं. दवाखान्यातले बरे झालेले मजूर परत कामावर आले, आणि उमा त्यांना ओरडली तरी ऐकेनात. खालच्या अंगाला लोकांनी चर खणला आणि डबक्यांचं साचलेलं पाणी ओढ्यात काढून दिलं. ठरल्या दिवशी संध्याकाळी सिद्धूनं दार उचललं. नव्या अस्तरावरून पाणी घसरत गेलं. बांधाखालची जमीन कोरडीच राहिली. अण्णांची हळद थोडी कोमेजली होती, ती चार दिवसांत सावरली.

पुढच्या पावसाळ्यात उमाला झोप लागत नव्हती. फवारणी झाली होती, दर शुक्रवारी घरोघरचे रांजण कोरडे होत होते. कुणाला नुसतं कणकण वाटलं तरी ती बोटातून रक्त काढून काचपट्टी सांगलीच्या प्रयोगशाळेत पाठवी. श्रावण गेला, भाद्रपद गेला. उत्तरं येत राहिली आणि एकातही हिवताप नव्हता. दसऱ्याला शेवटचं उत्तर आलं तेव्हा ती चालत कालव्यावर गेली.

"सिद्धू, या वर्षी गावात हिवतापाचा रोगी नाही."

"एक बी न्हाई?"

"एकही नाही."

डोक्याचा पटका काढून सिद्धूनं तोंड पुसलं, आणि पहिल्यांदाच उमानं त्याला रडताना पाहिलं. मग तो उठला, गावाकडे तोंड केलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ही बातमी ओरडला. चावडीपासून हलगी वाजत आली ती पार कालव्यापर्यंत. बायकांनी उमाला मधे ओढून फुगडी घालायला लावली. सोनं द्यायला इतके हात पुढे आले की तिचा पदर आपट्याच्या पानांनी भरून गेला.

जिल्हाधिकाऱ्यांचा निरोप आला, की पुढच्या वर्षी कालव्याचा उरलेला भागही घ्यायचा, वरून मंजुरी मिळाली आहे. आणि दिवाळीच्या आधी सातारच्या बाजूच्या तीन गावांचे कारभारी पिंपळथडीला आले. कालवा बंद ठेवून हळद, ऊस कसा वाचवायचा, हे त्यांना विचारायचं होतं.

उमा दवाखान्यातून बाहेर आली तेव्हा अण्णा त्यांना पारावर बसवून समजावत होते.

"आवं, दोन आठवडं म्हंजे काय हो? काय सुदीक व्हत न्हाई हळदीला. मी तर पयल्या दिवसापास्नं सांगत हुतो."

शेजारी बसलेल्या श्रेणिकनं उमाकडे पाहिलं. ती हसू दाबत पाराच्या कडेला टेकली आणि पाहुण्यांसाठी चहा सांगितला.