मागच्या सीटवरचं सामान

काकांच्या मुलीने अट घातली होती. सगळं सामान लादून आधी एक फेरी मारायची, मेकॅनिक बरं म्हणाला तरच घाटात एकटं जायचं; नाहीतर प्रवास रद्द. काकांनी ते हसण्यावारी नेलं. अख्खं आयुष्य मोटरसायकलवर काढलेल्या माणसाची परीक्षा ही कालची पोर घेणार.

बाजूच्या दोन्ही पेट्या भरल्या, टाकी काठोकाठ केली, मागच्या सीटवर तंबूची वळकटी उभी बांधली आणि काका निघाले. आधी गाडी हत्तीसारखी डुलली, वेग घेतल्यावर ताळ्यावर आली. कोपऱ्यावर स्पीडब्रेकर दिसला तसा त्यांनी ब्रेक दाबला.

टक्. मागून हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

"झोपलीस काय गं?" काका सवयीने बोलून गेले, आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. दुपारच्या प्रवासात तिला मागे हमखास डुलकी लागायची. ब्रेक दाबला की हेल्मेट असंच आपटायचं, आणि वर "कुठे, जागीच आहे" असं ती धडधडीत खोटं सांगायची. मागे वळून बघायचा काकांना धीर झाला नाही. रिकाम्या रस्त्यावर त्यांनी उगाचच ब्रेक दाबला. टक्. पुन्हा दाबला तेव्हा ते रडत होते, आणि त्यांना बरं वाटत होतं.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने वळकटीला हात लावला, तशी ती पुढे सरकली. "काका, तंबूच्या दांड्या डोक्यात आपटत असतील की. इतकी वर्षं गाडी चालवता आणि मागच्या सीटवर सामान बांधता येत नाही?"

"कधी बांधलंच नाही रे. तिथे ही बसायची."

मेकॅनिक ओशाळला. खाली मान घालून त्याने पट्टा करकचून आवळला. "घाटाच्या उतारावर हे ओझं अंगावर आलं, तर थेट दरीत जाल. मस्करी नाही."

दुसऱ्या फेरीत गाडी कशी शहाण्यासारखी चालली. काकांनी ब्रेक दाबला. काही नाही. वस्ती संपेपर्यंत ते ब्रेक दाबत राहिले, दर वेळी कान मागे लावून. मागे नुसतं सामान होतं.

"आता बिनधास्त जाऊ दे त्यांना," काका परतल्यावर मेकॅनिक गॅरेजमध्ये येऊन थांबलेल्या मुलीला म्हणाला. तिने डोळे पुसले. "सांभाळून जा, बाबा. आता मला तुम्हीच आहात."

"हो गं," काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

ती दोघं चहाला आत वळली. "आलोच," म्हणत काका मागे राहिले. त्यांनी बक्कल उघडलं, पट्टा बोटभर सैल केला आणि पुन्हा लावला. जीव कितीतरी दिवसांनी ठिकाणावर होता.

"झोप हवी तेवढी," ते सीटवर हात ठेवून हळूच म्हणाले. "उतार लागला की उठवतोच."