खुर्चीचं मत

कार्डाचा एक कोपरा दुमडला होता. तो सरळ करण्यात मार्सली गिलीसची सकाळची दहा मिनिटं गेली असावीत — अंगठ्यानं दाबायचा, सोडायचा, की तो हट्टी पोरासारखा पुन्हा वर येई. तळहाताएवढं पांढरं कार्ड, त्यावर सचिव स्ट्रूअन पेट्रीनं टंकून आणलेली दोनच वाक्यं. मते समसमान पडली आहेत. संकेताप्रमाणे माझे निर्णायक मत मी विधेयकाच्या विरोधात देत आहे.

"लागेलच असं नाही," स्ट्रूअन दारातूनच म्हणाला. "पण सगळे चौसष्ट-चौसष्ट धरून चाललेत, अध्यक्षबाई. हाताशी असलेलं बरं."

"'माझे मत' असं का लिहिलंयस?"

"मग कोणाचं लिहू?"

तिनं कोपरा पुन्हा अंगठ्याखाली दाबला. स्ट्रूअन दार लोटून गेला.

लंडननं आपल्या ताटातलं वाढून दिलेल्या अधिकारांवर चालणारी ही एडिनबरातली धाकटी संसद. पण शाळा आमच्या, दवाखाने आमचे, आणि दवाखान्यांवरूनच मार्सली इथं आली होती. त्याआधी ती उत्तरेकडच्या आपल्या बेटावर परिचारिका होती. तिथला बाळंतपणाचा कक्ष बंद झाला त्या दिवशी दिवे तिनंच मालवले, खाटांवरच्या चादरी तिनंच घड्या घालून ठेवल्या, आणि तान्ह्या मुलांना तोलायचा काटा लिलावात शेजारच्या लॅकीनं घेतला — अजूनही तो त्यावर कोकरं तोलतो. तेव्हापासून बेटावरच्या बायका दिवस भरत आले की बोटीनं पलीकडे इनव्हरनेस शहरात जातात, परक्याच्या खोलीत तीन-तीन आठवडे वाट बघत बसतात. चौदा वर्षांपूर्वी तिनं बेटांवर पुन्हा बाळंतपणाची सोय व्हावी म्हणून विधेयक आणलं, ते अकरा मतांनी पडलं. आज तेच, थोडं नीटनेटकं होऊन, ऊना ड्रेव्हर या तरण्या सदस्येच्या नावानं पाच वाजता मताला येणार होतं. आणि मार्सली आता बाकावर नव्हती. तीन वर्षांपूर्वी तिनं पक्ष सोडून ही अध्यक्षाची खुर्ची घेतली होती — या खुर्चीला एरवी मत नसतं, आणि बरोबरी झाली तरच असतं, तेही आहे ते आहे तसं ठेवण्यासाठी. सभागृहाला जे बहुमत सापडलं नाही ते खुर्चीनं आपल्या पदरचं घालून उभं करू नये, असा संकेत. कायद्यात कुठं लिहिलेला नाही... आणि म्हणूनच तो मोडता येत नाही, असं अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या वेळी तीच तर ठासून म्हणाली होती. टाळ्याही पडल्या होत्या.

अकरा वाजता पेगीचा फोन आला. धाकटी बहीण, बेटावर तिचं लोकरीचं दुकान.

"शोना रडत होती गं काल," पेगी म्हणाली. शोना म्हणजे तिची मुलगी, इनव्हरनेसला, नववा महिना. "घरमालकीण चांगली आहे म्हणते, पण सूप करते त्यात मीठच नसतं. ते जाऊ दे. आज तुझ्या हातात आहे म्हणे सगळं?"

"माझ्या हातात नाही, पेगी. बरोबरी झाली तर खुर्चीला—"

"खुर्चीला वेणा येत नाहीत, मार्सली."

"मला ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक असणार?" पेगी म्हणाली. मार्सलीला मूल नव्हतं. पेगीला तसं म्हणायचं नव्हतं. तिला नक्कीच तसं म्हणायचं नव्हतं. मग ती हवेबद्दल बोलली आणि तिनं फोन ठेवला.

दुपारी उपाहारगृहात मार्सली कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी बसली. धुरावलेल्या माशाचं सूप समोर निवत होतं. खुर्चीवर आल्यापासून तिच्याबरोबर कोणी जेवायला बसत नाही, बसलं तर दुसऱ्या बाजूचे लोक मिनिटं मोजतात. मोडला संकेत तर काय होईल? उद्याच राजीनामा मागतील, कायदा कोर्टात लटकेल, आणि पुढच्या प्रत्येक बरोबरीला लोक आधी खुर्चीतल्या माणसाचं गाव विचारतील. नाही मोडला तर... शोनासारख्या पोरी, बोट, परकी खोली. तिनं हे दोन्ही इतक्या वेळा पारड्यात घातलं होतं की पारडीच झिजून गेली असावीत. आणि मग, सूप अर्धं झालं असताना, तिचं ठरलं. ती कार्डावरची दोन्ही वाक्यं वाचणार होती.

ठरल्यावर इतकी शांतता वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. आणि त्या शांततेत आणखी काहीतरी होतं, ऊबदार, थोडंसं गोड — उद्याच्या वर्तमानपत्रांतला तिचा फोटो, चर्चबाहेर उभ्या म्हाताऱ्या, 'पोटच्या पोरासारखं होतं गं ते तिला, पण काळजावर दगड ठेवला तिनं'... पहिल्या वाक्यानंतर किती थांबायचं, हेसुद्धा ती मनातल्या मनात म्हणून बघत होती. जास्त नको. एक श्वास, बस्स. मी वाईट बाई नाही, ती स्वतःला म्हणाली, माणसाला कशाचा तरी आधार लागतो.

चर्चा लांबली. ऊना चांगली बोलली. जरा भरभर, पण चांगली. फर्गस ऑलिफंट नेहमीप्रमाणे आकड्यांचा ढीग घेऊन विरोधात उभा राहिला — चौदा वर्षांपूर्वी तिचं विधेयक पाडणाऱ्यांचा म्होरक्या हाच, पर्थशायरचा, गुडघे गेलेला, बोलताना अजूनही एक हात खिशात. मार्सली वरून सगळ्यांकडे सारख्याच नजरेनं बघत होती. ही नजर कमवायला तिला तीन वर्षं लागली होती.

पाच वाजले. सदस्यांनी बाकांवरची बटणं दाबली. तिनं कार्ड पुढ्यात ओढलं. एक श्वास घेतला, आणि तिनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं.

बाजूनं चौसष्ट. विरोधात त्रेसष्ट. तटस्थ एक.

"विधेयक संमत झालं आहे," कुणीतरी म्हणालं, आणि तो आवाज तिचाच होता. खाली बाक वाजत होते, ऊना तोंडावर हात धरून बसली होती, प्रेक्षकांच्या सज्जात बेटावरच्या बायका उभ्या राहून रडत होत्या.

फर्गस तिच्या दालनाबाहेर काठी टेकून वाट बघत होता.

"तटस्थ तुम्ही?" ती म्हणाली.

"मीच. विधेयक अजूनही मूर्खपणाचं आहे," तो म्हणाला. "बेटांवर दाया कुठून आणणार आहात, देव जाणे. पण दुपारपासून तुझा चेहरा बघतोय मी. तुझ्या हातून तुझंच लेकरू पुरायला लावायचं? नाही जमलं बुवा मला."

"तुमचा पक्ष सोलून काढेल."

"या वयात कातडं जाड असतं. जा, घरी फोन कर. आभार बिभार नकोत."

तिनं आभार मानले नाहीत. तिला संताप आला होता, खरा संताप. आणि आत जाऊन दार लावल्यावर तो कशाचा ते तिला कळलं. त्रेसष्ट हा आकडा दिसला तेव्हा, आनंदाच्या आधी, अगदी निमिषभर आधी — माझा हिरमोड झाला होता. दिवसभर मी ज्यासाठी मन घट्ट केलं ते करायला मला मिळालं नाही, म्हणून. तिकडे सज्जातल्या बायका, तिकडे शोना, आणि मला मात्र माझं एका श्वासाचं थांबणं हुकल्याची चुटपुट. चौदा वर्षांत किती वेळा मी या बायकांसाठी बोलले, आणि किती वेळा स्वतःचा आवाज ऐकत होते?... संकेत पाळायचा म्हणून मी नाही म्हणणार होते, की नाही म्हणताना मी कशी दिसेन म्हणून? तिनं खरंच आठवून पाहिलं. दोन्ही उत्तरं खरी वाटत होती.

फोन वाजला. पेगी रडत होती, हसत होती, मागं दुकानात बरीच माणसं असावीत.

"शोनाचं बाळ तिकडेच होणार, ते आता काय टळतंय," पेगी म्हणाली, "पण पुढचं इथं होईल ना! मार्सली, सकाळी मी जीभ सैल सोडली. माफ कर गं. तू होतीस म्हणून झालं हे, सगळे म्हणतायत."

"मी काही केलं नाही, पेगी."

"हो हो, माहितेय!"

"खरंच. मी काहीही केलं नाही. मी तर—"

"ऐकलंत का," पेगी दुकानातल्यांना ओरडून म्हणाली, "काही केलं नाही म्हणतेय!" आणि तिकडे सगळे हसले, प्रेमानं, अभिमानानं, आणि मार्सली फोन कानाला तसाच धरून ते हसणं ऐकत राहिली, वाक्य पुरं करावं की करू नये, हे तिचं ठरत नव्हतं.