आनंदाच्या बुलेटला लागलेली नजर

फुस्स!

आप्पा भगताने बुलेटच्या टाकीचं झाकण जरासं फिरवलं आणि आतून एक लांब सुस्कारा ऐकू आला. राखणदार देवाच्या घुमटीभोवती जमलेली माणसं दचकून मागे सरली. एका बाईने कडेवरच्या पोराचं तोंड पदराने झाकलं.

“ऐकलात?” आप्पाने डोळे गरागरा फिरवले. “कुणाच्या तरी पोटातली आग ही! टाकीत शिरून बसली होती. गेली. आनंदा, मार आता किक!”

आनंदाने किक मारली. पहिली फुकट गेली, दुसरीला गाडी धडधडायला लागली. थोड्या वेळापूर्वी हीच गाडी चढणीवर लाकडाच्या ओंडक्यासारखी मरून पडली होती आणि चार गड्यांनी ती घामाघूम होत घुमटीपर्यंत ढकलत आणली होती. आता राखणदाराच्या नावाने गजर झाला, नारळ फुटले, आणि आप्पा भगताच्या ताटात दक्षिणा पडू लागली.

साल चौऱ्याऐंशी. रत्नागिरी शहराच्या कडेला पेट्रोल पंप आहे, तिथून रस्ता जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर चढतो आणि चढ संपतो तिथेच राखणदाराची घुमटी. आनंदा खाली किनाऱ्यावरच्या वाडीतला. बापजादे होडीवर गेले, पण त्याने नायलॉनच्या जाळ्यांची एजन्सी घेतली होती. पार गुहागरपासून दापोलीच्या मुरुडपर्यंत कोळीवाड्यांतून तो जाळी विकायचा. त्यासाठीच त्याने मुंबईहून जुनी बुलेट आणली. आधीच्या मालकाने तिच्यावर निम्मा हिंदुस्थान पालथा घातला होता. मीटरचे आकडे एकदा पुरे फिरून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते. तरी काळी कुळकुळीत गाडी वाडीत शिरली तेव्हा माणसं हातातली कामं टाकून बघायला आली.

सगळे बघत होते, पण हिराला बघवत नव्हतं.

हिरा आनंदाची थोरली भावजय. नवरा सदू ट्रॉलरवर खलाशी, महिन्यातले कितीतरी दिवस पाण्यावर. हिरा डोक्यावर माशांची पाटी घेऊन एस.टी.ची वाट बघायची. कंडक्टर नाक मुरडून म्हणायचा, “पाटी मागे ठेव गो, पाणी गळतंय.” आणि तेवढ्यात शेजारून धडधडत बुलेट जायची. मागे धाकटी जाऊ राही, नायलॉनची पातळ साडी, केसांत अबोलीचा वळेसर, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. राही हसून हात करायची. हिराही हात करायची. मग दिवसभर तो खांद्यावरचा हात तिच्या डोळ्यांपुढून हलायचा नाही. गाडी तर सदूलाही घेता येईल कधीतरी, पण नवरा असा रोज संध्याकाळी घरी? भाकरी थापताना ती पिठावर इतक्या जोराने हात मारायची की राही आतून विचारायची, “वयनी, काय झालं गो?”

“काय नाय,” हिरा म्हणायची.

पावसाळा संपला आणि बुलेट बंद पडू लागली. पंपावर टाकी भरायची, चढणीला लागायचं, आणि घुमटीच्या अलीकडे गाडी खोकायची, अडखळायची, गप्प व्हायची. लवू मिस्त्रीने प्लग साफ केला, कार्बोरेटर खोलून धुतला, पॉइंट घासून बसवले, कॉइल बदलली. त्याच्या गॅरेजात गाडी एकदाही बंद पडली नाही. अर्धी टाकी असली की लांबपर्यंत धावायची, काठोकाठ भरली की लगेच मान टाकायची.

“ह्या वयात गाडीचं असंच,” म्हणून लवूने हात झटकले, आणि आनंदा आप्पा भगताकडे गेला.

आप्पाने गाडीच समोर आणायला लावली. पहिल्याच दिवशी त्याने झाकण फिरवलं, फुस्स झालं, आणि त्याने झाकणावरून बोट फिरवून पाहिलं. मग त्याच्या अंगात आलं. “बा राखणदारा! ह्या लेकराच्या फिरत्या चाकाला, तापल्या इंजिनाला, मागल्या शिटाला नि पुढल्या दिव्याला ज्या कुणा वाकड्या डोळ्याची नजर लागली असेल, तो डोळा सात समुद्रापार फेक रे महाराजा!”

“होय महाराजा!” लोक ओरडले.

“भरली टाकी बघितली की त्या डोळ्याला जास्त झोंबतं. म्हणून भरलीच बंद पडते!”

“होय महाराजा!”

त्याने झाकणावर शेंदराचं जाड कवच थापलं आणि बजावलं, “हे पुसायचं नाय, खरवडायचं नाय. गाडी बंद पडली की माझ्याकडेच आणायची.” कवच चढल्यावर गाडी सुधारेल असं सगळ्यांना वाटलं. ती आधी अधूनमधून अडायची, आता दर खेपेला अडू लागली. आप्पाने सांगितलं, डोळा घरातलाच आहे, म्हणून जोर जास्त. बाईचा आहे. पोट रितं असलेल्या बाईचा.

आनंदाच्या घरात अशी एकच बाई होती. हिराच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि राहीला सातवा महिना होता.

त्या दिवसापासून राहीच्या खोलीचं दार हिराला बंद झालं. राही तिच्या हातचं पाणी घेईना. आनंदा नजर चुकवायचा. येत्या शनिवारी हिराने जळता कापूर तळहातावर घेऊन गाडीला लांबून तीन फेरे घालायचे, असा आप्पाने हुकूम काढला. नाहीतर म्हणे नजर टाकीतून उतरून गर्भाला धरेल.

आणि हिराने हो म्हटलं.

तिच्या शेजारी गोदाबाई राहायच्या, हायस्कूलात विज्ञान शिकवायच्या. त्यांनी हे ऐकलं आणि त्या त्याच संध्याकाळी हिराच्या पडवीत येऊन बसल्या.

“हो कशाला म्हटलंस? हात भाजून घ्यायची हौस आली?”

हिरा मासे खवलत होती. तिने वर पाहिलं नाही. “बाई, तो खोटं नाय बोलत. मला खरंच बघवत नाय. ती गाडीवर बसली की माज्या पोटात आग पडते. तिला दिवस गेले तेव्हा सगळ्यांना साखर वाटली मी, नि मागे माडांत जाऊन रडले. माजीच नजर ती.”

गोदाबाई तिच्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, “गेल्या महिन्यात तू माहेरी हेदवीला होतीस ना? तेव्हा गाडी बंद पडली?”

हिराचा हात थांबला. “पडली. दोनदा.”

“हेदवीहून तुझी नजर इथवर आली? तिथल्या दशभुजा गणपतीला चुकवून?”

हिराला हसू आलं नाही, पण कोयती तिने खाली ठेवली.

“बरं, आप्पा काय काय करतो ते मला सांग. मंत्र सोड. हाताने काय करतो?”

“झाकण फिरवतो. फुस्स होतं. मग गाडी चालू.”

“आणि उदबत्ती, निरांजन?”

“ते लांब ठेवायला सांगतो. तीर्थ पण टाकीवरून नुसतं ओवाळतो, आत थेंब नाय पाडत.”

“म्हणजे पेट्रोलजवळ आग नको आणि पेट्रोलात पाणी नको, एवढं राखणदाराला नीट ठाऊक आहे!” गोदाबाईंनी कोपऱ्यातल्या तेलाच्या नव्या डब्याकडे बोट केलं. “ह्यातून तेल कसं काढतेस?”

“खिळ्याने दोन भोकं पाडते.”

“दोन कशाला?”

“एकाच भोकातून नीट येत नाय. गुबूक गुबूक करतं नि अडतं. दुसऱ्यातून हवा...”

हिरा बोलता बोलता थांबली. डब्याकडे बघत राहिली. मग पाट सरकवून उभी राहिली.

“बाई, त्या झाकणाला भोक असतं काय?”

“मी त्यासाठीच लवूकडे जाऊन आले. असतं, सुईएवढं.”

शनिवारी सकाळी घुमटीसमोर जत्रेसारखी गर्दी झाली. पंपावर टाकी भरून आनंदा निघाला, गाडी ठरल्याप्रमाणे चढणीवर मेली आणि ढकलत वर आणली गेली. आप्पाने कापूर पेटवण्यासाठी काडेपेटी काढली. हिराने उजवा तळहात पुढे केला. राही पोटावर हात धरून बायकांत उभी होती.

“थांबा,” गोदाबाई पुढे झाल्या. “आधी मी बघते.” आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी झाकण फिरवलं.

फुस्स!

“मार किक, आनंदा.”

गाडी दुसऱ्या किकला चालू झाली. लोक एकमेकांकडे बघू लागले.

आप्पा गरजला, “राखणदाराची हद्द ही! इथे त्याच्या कृपेने कुणाच्याही हाताने होईल!”

“मग हद्दीबाहेर बघू.” गोदाबाईंनी पदराची पिन काढून झाकणावरचा शेंदूर खरवडला. तेलातला शेंदूर वाळला की भुगा होऊन पडायला हवा. हा चिकट गोळा होऊन निघाला, आत मेण होतं. खाली बारीक भोक दिसलं. त्यात पिन घालताच आतून गंजाची भुकटी निघाली. “आनंदा, खाली जा, टाकी पुन्हा काठोकाठ भर आणि वर ये. हिराला मागे बसव. तिची नजर टाकीवर राहू दे, हवी तेवढी.”

हिरा गाडीवर कधी बसली नव्हती. ती बसली. धरायला काय ते कळेना, तेव्हा तिने मागची कांब दोन्ही हातांनी घट्ट पकडली. गाडी उताराला लागली आणि दिसेनाशी झाली. घुमटीसमोर सगळे कान देऊन उभे राहिले. बराच वेळ नुसता वारा. मग खालून धडधड आली. वळणावर जरा मंद झाली तेव्हा आप्पाने मान वर केली, पण आवाज पुन्हा चढला. बुलेट चढ चढून आली, घुमटीपुढून गेली आणि सड्यावर लांबपर्यंत जाऊन वळून परत आली. हिराचे केस सुटले होते.

“आता उलटं करू.” गोदाबाईंनी तोच मेणाचा गोळा भोकावर दाबून बसवला. “हिरा, तू घुमटीकडे तोंड करून डोळे मीट. आनंदा, तू एकटा जाऊन टाकी भरून ये.”

या खेपेला धडधड अर्ध्या चढावर आली, खोकली आणि बंद झाली. पोरं धावत गेली. गाडी रस्त्यात उभी होती आणि आनंदा तिच्याकडे बघत होता. मग त्याने स्वतःच्या हाताने झाकण फिरवलं.

वर आल्यावर तो सरळ आप्पासमोर गेला. गोदाबाईंनी आप्पाच्या देखतच सगळ्यांना समजावून सांगितलं. पेट्रोल खाली उतरतं तसतशी वरून हवा आत यावी लागते. भोक बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकी भरलेली असली की वर हवा थोडीच असते, म्हणून लवकर थांबतं. पंप खाली, समोर चढ, म्हणून घुमटीपाशीच थांबतं. झाकण उघडलं की हवा आत घुसते, तिचाच तो फुस्स. बाहेर काहीच जात नाही. आणि लवू मिस्त्री बिचारा पेट्रोल बघायला आधी झाकणच उघडायचा, मग त्याच्याकडे गाडी बंद पडणार कशी?

“आप्पा, भगत होण्याआधी मुंबईला तुम्ही काय करत होतात?” गोदाबाईंनी विचारलं.

आप्पाने काडेपेटी कनवटीला खोवली. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, “ट्रकवर क्लीनर होता तो. दहा-बारा वर्षं.”

“म्हणजे पहिल्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं. भोक साफ करून ह्या पोराला वाटेला लावायचं, ते सोडून वर मेण थापलंत!”

आप्पाने “राखणदार बघून घेईल” असं काहीतरी पुटपुटत ताट उचललं. आनंदाने ते त्याच्या हातातून काढून घुमटीच्या पायरीवर ठेवलं. भगत हात हलवत गेला.

राही पुढे आली. हिराचा तळहात हातात घेऊन तिने उलटसुलट करून पाहिला आणि रडू लागली. “वयनी, मी तुज्या हातचं पाणी...”

“रडू नको गो, पोटातलं पोर दचकेल,” हिरा म्हणाली. मग सगळ्यांच्या देखत सरळ बोलली, “राही, मला तुजा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू? गाडीचा वाटतो, पोराचा वाटतो, आनंदा घरी असतो त्याचा तर जास्तच. आज गाडीवर बसून आले तरी हेवा गेला नाय. पण माज्या हेव्याने सुईएवढं भोक बुजत नाय, हे आज डोळ्यांनी बघितलं. हेवा माजा मला भोगायचाय. तुमचं त्याने काय वाईट होत नाय.”

राहीने मान हलवली आणि तिचा हात सोडला नाही.

वाचकहो, हेवा कुणाला वाटत नाही? शेजाऱ्याच्या गाडीचा, भावाच्या घराचा, जावेच्या भरल्या ओटीचा. नुसत्या हेव्याने यंत्रं बंद पडली असती, तर या देशात एकही चाक फिरलं नसतं. गाडी अडली तर आधी पेट्रोल बघा, मग हवा, मग ठिणगी. तरी कळलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून बघा, जाणत्याला विचारा, वेळ लागला तर लागू द्या. पण एखाद्या बाईच्या डोळ्यांत कारण शोधू नका. तिथे ते कधीच नसतं.